देवघराशेजारच्या कपाटाचा रंग दिवा लागल्यावर ठरवा

शिवाजी पेठेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घर आजेसासऱ्यांच्या काळातलं. माजघरात भिंतीतच बांधलेलं देवघर, काळ्या दगडाच्या कमानीचं. त्याच्या उजव्या हाताला भिंतीतलंच सागवानी कपाट, चार फूट रुंद, सहा फूट उंच, दोन दारांचं. वीसेक वर्षांपूर्वी त्याला कॉफी रंगाचा ऑइल पेंट दिला होता, तो आता जागोजागी उडालाय. भिंती फिक्या पिवळ्या, वर तक्तपोशी म्हणजे लाकडी छत, खाली शहाबादी फरशी, खिडकी एकच आणि तीही पश्चिमेला. सासूबाई म्हणतात, रंग खरवडून पॉलिश करा. मिस्टर म्हणतात, पांढरं करून टाका, खोली मोठी दिसेल. ताईंनी परदेशी घरांचे फोटो जमवलेत, शेकोटीच्या दोन्ही अंगांना गडद निळी कपाटं असलेले, आणि त्यांना तसंच निळं हवंय. सोबत आपल्या माजघराचे आणि कपाटाचे फोटोही पाठवलेत. नवरात्राच्या आत काम उरकायचंय. तर रंग कोणता द्यावा?

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. बाहेरून राखाडी झाक असलेला मध्यम शेवाळी, सॅटिन म्हणजे मंद चमकीच्या फिनिशमध्ये. आतून मोतिया. गडद निळा या जागेला नको आणि पांढरा तर मुळीच नको. सासूबाई म्हणतात ते चूक नाही, पण एक छोटी चाचणी घेतल्याशिवाय त्यांना हो म्हणू नका. तीस वर्षं हातात ब्रश आहे, त्यातली निम्मी कोल्हापुरातल्या पेठांतल्या जुन्या घरांत गेली. त्यामुळे तुमचे फोटो बघताच खोली डोळ्यासमोर उभी राहिली.

तुम्ही जमवलेल्या फोटोंत शेकोटीला जी जागा आहे, ती आपल्या माजघरात देवघराची. खोलीत पाऊल टाकलं की नजर आधी तिथं जाते, विस्तव तिथं असतो, आणि ती वस्तू हलत नाही. तिचा रंग तुम्ही बदलणार नाही. काळा दगड काळाच राहणार, तुळया तपकिरीच राहणार, पितळेचे देव पिवळेच राहणार. म्हणून शेजारच्या कपाटाचा रंग सुटा निवडायचाच नसतो. देवघराला काय शोभतं, हे बघून कपाटाकडे वळायचं. बहुतेक लोक उलटं करतात. लक्ष्मीपुरीत दुकानात जातात, शेड कार्डावर एखादा तुकडा मनात भरतो आणि तोच घेऊन येतात. कार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा असतो, दुकानात पांढरीशुभ्र ट्यूब असते आणि कार्ड काउंटरवर आडवं पडलेलं असतं. तुमचं कपाट उभं आहे, तक्तपोशीखाली आहे आणि त्याच्या शेजारी ज्योत आहे. तो रंग घरी आला की वेगळाच दिसतो, आणि मग पेंटरनं रंग चुकवला म्हणून बोलणी बसतात.

उजेडाबद्दल कोल्हापूरकराला फार समजवावं लागत नाही. अंबाबाईचा किरणोत्सव आपण लहानपणापासून बघतोय. देवळाचं तोंड पश्चिमेला, आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येत चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. वर्षातल्या इतर दिवशी ते तिथं पोचत नाहीत, कारण सूर्य मावळायची जागा रोज सरकत असते. जूनमधला आणि डिसेंबरमधला सूर्यास्त यांच्यात आपल्याकडून बघितलं तर क्षितिजावर जवळजवळ ५० अंशांचा फरक असतो. तुमची खिडकीही पश्चिमेलाच आहे. म्हणजे काही महिने संध्याकाळचं तांबूस ऊन थेट कपाटावर येणार, काही महिने नुसतं फरशीवर येऊन थांबणार. सकाळभर तिथं फक्त परतून आलेला मंद उजेड. शहाबादी फरशीची निळसर राखाडी छटाही त्या उजेडात मिसळते. तोच रंग सकाळी थंड आणि संध्याकाळी उबदार दिसणार, हे धरूनच चाला.

मग कुठल्या वेळेला महत्त्व द्यायचं? माझा आग्रह दिवेलागणीचा आहे. त्या कोपऱ्याकडे घरातली माणसं सगळ्यात जास्त वेळ कधी बघतात, तर दिवा लावल्यावर. दुपारी दोनला माजघरात कोण असतं?

त्यासाठी रंगाआधी दिवा ठरवा. सध्या तिथं पांढरी ट्यूब दिसतेय, बहुधा ६५०० केल्विनची. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड पांढरा-निळसर, लहान तितका पिवळसर. तिच्या उजेडात पिवळी भिंत आजाऱ्यासारखी दिसते आणि पितळेचं तेज मरतं. देवघरावर २७०० किंवा ३००० केल्विनचा एक छोटा एलईडी लावा, समईच्या उजेडाशी त्याचं जमतं. हा आकडा बल्बच्या खोक्यावर छापलेला असतो. पण पिवळसर उजेडात निळे रंग मावळतात, हिरवे थोडे तपकिरीकडे झुकतात, आणि तांबडे, गेरू, गुळासारखे पिवळे उजळतात. नमुना बघायचा तो या नव्या बल्बखालीच.

नमुना कसा बघायचा, हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं काम इथंच जमतं किंवा फसतं. दीड फूट बाय दोन फुटांचा हार्डबोर्डचा किंवा प्लायचा तुकडा घ्या. जुन्या कॉफी रंगावर चार इंचांचा पट्टा मारून निर्णय घेऊ नका; गडद रंगाच्या मधोमध कुठलाही रंग आहे त्यापेक्षा फिका दिसतो. बोर्डाला प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, त्यावर रंगाचे दोन पूर्ण हात. एका हातात खालचं अस्तर डोकावतं आणि रंग खोटा दिसतो. सुकला की बोर्ड देवघराच्या दगडाला चिकटवून उभा करा, एक कड दगडाला लागलेली आणि दुसरी भिंतीला. तीन दिवस तिथंच ठेवा. सकाळी देवपूजेच्या वेळी बघा, चारला बघा, दिवा लावल्यावर बघा, आणि एकदा ट्यूब बंद करून नुसत्या समईच्या उजेडात बघा. बोर्डासमोर पितळी तांब्या ठेवा. तांब्या उठून दिसला तर रंग बरोबर आहे. तांब्याच्या आधी बोर्डच डोळ्यात भरत असेल, तर तो रंग कितीही देखणा असला तरी या जागेचा नाही.

तांब्याची ही युक्ती माझ्या वस्तादांची. मंगळवार पेठेतल्या एका वाड्यात असंच कपाट होतं. घरातल्या सुनेनं दोन हिरवे निवडले होते, एक पोपटीकडचा आणि एक मेंदीकडचा. दुपारी सगळ्यांना पोपटी आवडला, खोली प्रसन्न दिसते म्हणाले. संध्याकाळी वस्तादांनी ट्यूब बंद करायला लावली आणि निरांजन लावलं. पोपटी बोर्ड एकदम मळकट पिवळा पडला, आणि मेंदीच्या बोर्डासमोर तांब्याच्या गळ्यावरची नक्षी एकेक रेघ सुटी दिसायला लागली. कुणीच काही बोललं नाही. थोड्या वेळानं आजी म्हणाल्या, "ह्योच द्या." तेव्हापासून मी कुठलाही नमुना ज्योत लावल्याशिवाय पास करत नाही.

आता तुमच्या तिन्ही रंगांकडे येतो.

पांढरा. मिस्टर म्हणतात ते हवेशीर खोलीत, मोकळ्या भिंतीवर खरं असतं. इथं पांढऱ्याच्या शेजारी काळा दगड येणार. इतका टोकाचा फरक शेजारी-शेजारी आला की डोळा त्या सीमेवरच अडकतो. आरतीला उभं राहिलं की देवांच्या आधी कपाट दिसणार. दुसरं, काजळी. तुमच्या तिसऱ्या फोटोत कपाटाच्या डाव्या दाराचा वरचा कोपरा बघा. कॉफी रंगावरसुद्धा तिथं वीतभर काळपट झाक आलीय, आणि तिची कड कमानीकडून आडवी आलीय. गरम हवा ज्योतीवरून वर जाते, कमानीला लागते, बाजूला पसरते आणि थंड लाकडावर काजळी सोडते. तेलाच्या वातीपेक्षा कापराची काजळी जास्त, आणि चिकट. पांढऱ्यावर ती महिन्याभरात दिसेल. तुम्ही ओल्या फडक्यानं पुसाल, ती फासली जाईल आणि कायमची राखाडी सावली राहील.

पांढऱ्याबद्दल तिसरी गोष्ट माझ्या चुकीतून शिकलो. २००९ साली राजारामपुरीत एका घरी भिंतीतल्या कपाटाला आतून-बाहेरून पांढरा ऑइल पेंट दिला. काम सुंदर झालं होतं. दोन वर्षांनी त्याच घरी भिंतींचं काम निघालं. कपाटाचं दार उघडलं तर बाहेरची बाजू पांढरी, आणि आतली जुन्या हस्तिदंतासारखी पिवळी. मालकांना वाटलं मी आत हलका माल वापरला. डबा एकच होता. तेलावर आधारलेल्या पांढऱ्या रंगाला उजेड मिळाला नाही तर तो पिवळा पडतो. बंद कपाटात, फ्रेमच्या मागे, कॅलेंडरच्या खाली. हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. मी आतली बाजू पदरचे पैसे घालून पुन्हा करून दिली. त्या दिवसापासून कपाटाच्या आत फिका ऑइल पेंट देत नाही. पाण्यात कालवायचं अॅक्रिलिक इनॅमल मिळतं, ते अंधारात पिवळं पडत नाही.

गडद निळा. ताई, तुमची आवड चांगली आहे, आणि निळ्याशी माझं भांडण नाही. तुमच्या फोटोतल्या घरांत वरचं छत पांढरं आहे, खिडक्या माणसाएवढ्या आहेत आणि शेकोटी बहुतेक ठिकाणी पांढरी किंवा विटांची आहे. त्या उजळ चौकटीत गडद निळं खुलतं. तुमच्याकडे छत लाकडाचं, खिडकी एक, आणि शेजारी आधीच एक काळी वस्तू आहे. रंग किती उजेड परत फेकतो, याचा एक आकडा असतो, एलआरव्ही. काळ्याचा शून्याकडे, पांढऱ्याचा शंभराकडे. बऱ्याच कंपन्या तो शेडच्या माहितीत देतात, दुकानदाराला विचारा. फोटोतल्यासारख्या निळ्याचा एलआरव्ही सहसा दहाच्या आत असतो. दिवेलागणीला, पिवळसर उजेडात, तो निळा दिसणारच नाही, काळा दिसेल. देवघराची काळी कमान आणि कपाटाचा काळा चौकोन एकमेकांत मिसळतील आणि दगडाची कमान, जी तुमच्या घराचं खरं धन आहे, ती हरवेल. शिवाय गडद रंगावर उदबत्तीची राख आणि पुसल्याचे फराटे पांढऱ्याहूनही जास्त दिसतात.

निळाच हवा असेल तर आधी भिंती बदलाव्या लागतील. पिवळी भिंत काढून चुन्यासारखा पांढरा द्या, वर आणखी एक दिवा घ्या, आणि निळ्यात राखाडी घालून एलआरव्ही वीसच्या वर न्या. मग जमेल. पण ते पूर्ण माजघराचं काम झालं, एका कपाटाचं नव्हे.

पॉलिश. खाली सगळीकडे एकसारखं सागवान असेल तर माझंही मत सासूबाईंच्या बाजूनं पडलं असतं. काळा दगड, तुळया आणि सागवान यांच्याइतकं सुंदर जमणारं दुसरं काही नाही. पण तुमच्या पहिल्या फोटोत उजव्या दाराची खालची पट्टी बाकीच्यांपेक्षा रुंद आहे आणि तिचा सांधा सरळ कापलेला आहे. ती नंतर बदललेली दिसते, आणि डागडुजीला सुतार हाताशी असेल ते लाकूड लावतो. चाचणी अशी. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, आणि त्या खालच्या पट्टीवर, चार-चार इंचांचे दोन चौकोन रिमूव्हर लावून लाकडापर्यंत मोकळे करा. ओल्या फडक्यानं पुसा. दोन्हीकडे सोनेरी तपकिरी, काळसर रेघांचं, हाताला किंचित तेलकट लागणारं लाकूड निघालं तर सागवान. आता नख लावून छिद्रांत बघा. पूर्वी लाकडाला गुलाबी अस्तर द्यायची पद्धत होती. ते सागवानाच्या नसांत इतकं खोल बसतं की रिमूव्हरनं वरचा रंग निघाला तरी नसांत गुलाबी ठिपके राहतात, आणि पॉलिशखाली ते आणखी उठून दिसतात. ठिपके दिसले तर पॉलिशचा नाद सोडा. ते काढायला लाकूड इतकं घासावं लागतं की कोरलेल्या कडा बोथट होतात, आणि तेवढं घासलेलं जुनं कपाट मला बघवत नाही.

दोन्ही चौकोन स्वच्छ निघाले तर सासूबाईंना हो म्हणा. फक्त ज्योतीच्या शेजारी चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश नको. लाखेला उष्णता आणि ओल दोन्ही सोसत नाही, पाण्याचा थेंब राहिला तरी पांढरा डाग पडतो. तिथं मॅट पीयू (पॉलीयुरेथेन) द्यावं.

आता शेवाळी का, ते सांगतो. तुमच्या भिंतीत पिवळा आहे आणि शेवाळीच्या पोटातही पिवळा असतो, त्यामुळे दोघांचं पटतं. निळ्याचं आणि त्या पिवळ्याचं पटत नाही, दोघं एकमेकांना भडक करतात. राखाडी झाक हवी, कारण दगड आणि शहाबादी दोन्ही राखाडीच्या घरातले आहेत. एलआरव्ही २५ ते ३० च्या आसपास ठेवा. म्हणजे दिवसा खोली दाबणार नाही, रात्री रंग काळा पडणार नाही. मध्यम रंगावर काजळी, राख आणि बोटांचे तेलकट ठसे सगळ्यात कमी दिसतात. आणि पितळ. हिरव्यासमोर पितळ कसं उठतं, हे तुम्ही हिरव्या शालूवरच्या जरीत पाहिलेलं आहे. पेठांतल्या जुन्या घरांत हिरवी दारं-खिडक्या पूर्वीपासून दिसतात, त्यामुळे तो तिथं पाहुणा वाटत नाही.

दुकानात मागताना 'ऑलिव्ह' म्हणाल तर दहा प्रकार पुढे येतील. रांगणा किंवा पन्हाळ्याच्या तटबंदीवरचं शेवाळ दिवाळीनंतर वाळायला लागतं, पोपटीपण जातं आणि धुरकट हिरवं उरतं. तो रंग डोळ्यासमोर ठेवा. शेजारी-शेजारचे तीन नंबर घ्या आणि तिन्हींचे बोर्ड करा. पोपटीकडे झुकणारा टाळा, मिलिटरीकडे झुकणाराही टाळा. घरात कुणालाच हिरवा नको असेल, तर माझा दुसरा पर्याय भिंतीच्याच पिवळ्याचा गडद भाऊ, जुन्या गुळाच्या ढेपेसारखा. तो फार साधा दिसेल, कपाट भिंतीत विरून जाईल आणि देवघर एकटं उठेल. तेही वाईट नाही.

फिनिश सॅटिनच. ग्लॉसमध्ये समईची ज्योत दारावर दुसऱ्यांदा दिसते आणि जुन्या लाकडातला प्रत्येक खड्डा, प्रत्येक लांबी (पुट्टी) भरलेली जागा बोंब मारते. पूर्ण मॅट घेतलं तर पुसताना चमकदार डाग पडतात.

रंगाच्या पलीकडची एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जास्त खटकली. फोटोत डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला पापडासारखे फोड आलेत आणि एक जागा करपून तांबडी झालीय. तो ओलीचा फोड नाही. कपाट देवघराच्या उजवीकडे आहे, डाव्या दाराच्या बिजागऱ्या देवघराच्या बाजूला आहेत, म्हणजे दार पूर्ण उघडलं की ते थेट समईवर जातं. कुणीतरी केव्हातरी दिवा तेवत असताना दार उघडं ठेवलंय. कुठलाच घरगुती रंग ज्योतीसाठी बनलेला नसतो, ऑइल पेंट नाही आणि पाण्याचाही नाही. रंग द्यायच्या आधी दाराला आतून छोटी पितळी साखळी लावून घ्या, दार काटकोनापलीकडे जाता कामा नये. समई देवघराच्या डाव्या अंगाला सरकवा. वात आखूड ठेवा, लांब वात जास्त काजळी सोडते. घरात लहान मुलं असतील तर हे काम आजच करा, रंग मागाहून.

आतल्या बाजूला मोतिया अॅक्रिलिक, फळ्यांनाही तोच. पोथ्या ठेवत असाल तर शेवटच्या हातानंतर फळ्या निदान दोन आठवडे रिकाम्या ठेवा. रंग वरून सुकलेला वाटतो, आतून कच्चा असतो, आणि पोथीचं बांधणीचं कापड त्याला चिकटून येतं. कपाटाची पाठ जर लाकडाची नसून थेट भिंत असेल, तर तिला ऑइल पेंट किंवा प्लास्टिक रंग देऊ नका. दगड-मातीची, चुन्याच्या गिलाव्याची जाड भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात सोडते. तिचं तोंड बंद केलं की रंग पोपडे धरून सुटतो. तिथं चुनाच बरा, दोन पातळ हात. चुना सामानाला लागू नये म्हणून सामान भिंतीपासून दोन बोटं पुढे ठेवा.

कामाचं थोडक्यात. मुठी, कड्या, कोयंडा आधी काढा. वीस वर्षं त्यावर रंगाचे थर बसलेत, खाली पितळ असेल तर चिंचेनं घासून तेच परत लावा. शेवाळीवर पितळी मुठीइतकं काही शोभत नाही. जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचा कॉफी रंग त्याच्या बराच आधीचा, आणि त्याखाली आणखी जुने थर असणार. पाणी लावून घासा, पेंटरला मास्क घालायला लावा, मुलांना आणि कुणी गरोदर असेल तर तिला त्या दिवसांत माजघरात येऊ देऊ नका, आणि निघालेला चोथा कागदात गुंडाळून टाका. देव तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत पाटावर बसवा.

उडालेल्या जागा खरवडून १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं कडा उतरवून घ्या, खड्ड्यांत लांबी, मग २२०. जुन्या ऑइल पेंटवर पाण्याचा रंग तसाच दिला तर नखानं सोलून निघतो, म्हणून चकाकी पूर्ण मरेपर्यंत घासायचं आणि चांगली पकड धरणारा प्रायमर द्यायचा. जिथं उघडं सागवान असेल तिथं आधी थिनरचं फडकं फिरवा, त्याचं तेल प्रायमरला धरू देत नाही. गाठी असतील तर तेवढ्यापुरता चपडीचा हात द्या, नाहीतर हिरव्यातून तपकिरी डाग वर येतील. मग रंगाचे दोन हात, मधे ३२० नंबरचा हलका हात फिरवून. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण शंभर चौरस फूट धरा. बाहेरच्या बाजूला एक लिटर पुरून उरेल, आणि तो एकाच वेळी टिंट करून घ्या. अर्धा लिटर आता आणि अर्धा पुढच्या आठवड्यात, असं केलं तर छटेत फरक पडू शकतो.

आणि वेळ. नवरात्राच्या तोंडावर सगळ्या पेठा एकदम पेंटर शोधतात, आणि घाईत दिलेला रंग घटस्थापनेच्या दिवशी दाराला दार चिकटवतो. आपल्याकडे घरचे गणपती गौरींबरोबर जातात. ते गेले की दुसऱ्या दिवशी काम धरा. पौर्णिमेपर्यंत घासणं, प्रायमर, दोन हात होऊन जातात, आणि पितृपंधरवडाभर कपाट दारं किलकिली ठेवून सुकू द्या. तेव्हा पाऊस पूर्ण गेलेला नसतो, म्हणून ज्या दिवशी सकाळपासून झड लागलीय त्या दिवशी ब्रश उचलू देऊ नका, पेंटर कितीही म्हणाला तरी. दोन दारं जिथं एकमेकांना भिडतात त्या कडेवर सुकल्यावर थोडी मेणबत्ती घासा, चिकटणार नाहीत.

तीन बोर्ड झाले की देवघराला टेकवून दिवेलागणीचा फोटो पाठवा, ट्यूब बंद करून काढलेला. फोटोत रंग खरा येत नाही, पण तांब्या कुठल्या बोर्डासमोर उठतोय ते मला कळेल. आणि जो नंबर ठरेल तो, तारखेसह, कपाटाच्या वरच्या फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा. पुढच्या वेळी जो कुणी त्या कपाटाला हात लावेल, त्याला तो शोधत बसावा लागणार नाही.